मेणाची गोष्ट

ही, माझी बायको, गेली त्या आठवड्यात माझ्या फोनवर जे निरोप आले, त्यांत एक शब्द सारखा दिसत होता. बहुतेक निरोप इंग्रजीत होते. दुःखाचं काही बोलायचं म्हटलं की आपली माणसं इंग्रजीत शिरतात. तिथं वाक्यं तयार मिळतात आणि स्वतःचा आवाज लावावा लागत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही आजवर तेच करत आलो. तर तो शब्द म्हणजे 'सिन्सिअर'. सिन्सिअर कंडोलन्सेस. शाळेतले जुने सहकारी, धाटावच्या कंपन्यांत लागलेले विद्यार्थी, पेणला आमच्या इमारतीत राहणारे शेजारी, सगळ्यांच्या सहानुभूतीला हेच एक विशेषण.

त्या दिवसांत माणसाला काम नसतं. आलेल्याला पाणी द्यायचं, निघालेल्याला दारापर्यंत सोडायचं. मधल्या वेळात मी निरोप वाचत बसायचो. तो शब्द आला की मनातल्या मनात त्याचा अर्थ सांगायचो, वर्गात सांगायचो तसाच. लॅटिनमध्ये सिने म्हणजे शिवाय, सेरा म्हणजे मेण. सिन्सिअर म्हणजे मेणाशिवाय.

एकतीस वर्षं मी रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. नववीला पत्रलेखन असायचं आणि पत्राच्या शेवटी 'युअर्स सिन्सिअरली' यायचं. मुलं ते पाठ करत, चुकीच्या स्पेलिंगनं लिहीत आणि विसरत. ते त्यांच्या लक्षात राहावं म्हणून मी एक गोष्ट सांगायचो. ती मला कॉलेजात कुणी सांगितली की एखाद्या गाईडात वाचली, हे आता आठवत नाही. गोष्ट अशी: जुन्या रोम शहरात मूर्तिकार संगमरवराच्या मूर्ती घडवत. दगडाला तडा गेला तर लबाड मूर्तिकार त्यात मेण भरत, वरून घासून सारखं करत आणि मूर्ती चांगली म्हणून विकत. उन्हाळा आला की मेण वितळे आणि तडा उघडा पडे. मग खरे कारागीर आपल्या दुकानावर पाटी लावू लागले, 'मेणाशिवाय'. त्या दोन शब्दांचा मिळून पुढं एक शब्द झाला.

गोष्ट संपली की वर्ग क्षणभर गप्प व्हायचा. खिडकीतून कुंडलिकेच्या काठावरची झाडं दिसत असायची आणि वारा धाटावकडून असेल तर कंपन्यांचा वास आत यायचा. त्या शांततेत मी फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचो. मला ती वेळ फार आवडायची. वर्षाअखेर प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिताना ज्या मुलांबद्दल काहीच सुचायचं नाही, त्यांच्यापुढं मी 'सिन्सिअर' लिहायचो. पालक तेवढ्यावर खूश होऊन जायचे. पोरगं हुशार नाही, पण सिन्सिअर आहे, असं म्हणत घरी जायचे.

रोह्याऐवजी मी पेणच्या बाजूला शिकवत असतो, तर पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी उठून मला गप्प केलं असतं. तिकडं घरोघर मूर्ती होतात. भेग कशी जाते आणि कशानं भरते, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. रोह्यात कुणी उठलं नाही. घरी मात्र उठणारी होती.

हिचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. वडिलांचा गणपतींचा कारखाना होता. आमच्याकडं मूर्तीच्या कामाच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पडवी का असेना. ही लहानपणी साच्यातून काढलेल्या मूर्ती पाण्याच्या ब्रशनं साफ करायची, मग घासकाम, मग रंग आणि शेवटी आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते सगळ्यांना देत नाहीत. लग्नानंतर ही माझ्याबरोबर रोह्याला आली, पण दरवर्षी हंगाम आला की दोन महिने जोह्याला जाऊन बसायची. 'माहेरी मदतीला गेली आहे,' असं मी लोकांना सांगायचो.

लग्नाच्या पहिल्या वर्षीच मी तिला मेणाची गोष्ट सांगितली. हिच्या घरच्या धंद्यातली गोष्ट, तिला आवडेल असं मला वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं ऐकून घेतली.

"मेण?" ती म्हणाली.

"मेण."

"मेणावर रंग धरत नाय."

"अगं, संगमरवराला रंग कुठं देतात?"

"मग तर बोटाला लगेच कळल. दगड खरखरीत लागतो आणि मेण बुळबुळीत. गिऱ्हाईक काय हातमोजे घालून यायचं?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "भेग ज्याची त्यानंच भरते. माती असली तर मातीनं, दगड असला तर दगडाच्या पुडीनं. आणि मला एक सांगा, पुढच्या उन्हाळ्यात वितळणार हे त्या रोमवाल्याला ठाऊक नव्हतं? गिऱ्हाईक येऊन डोकं नाय फोडणार त्याचं?"

मी म्हणालो की म्हणून तर खऱ्या कारागिरांनी पाटी लावली.

"भामट्यांच्या गावात 'मी भामटा नाय' अशी पाटी कोण लावल? लावल तोच पयला भामटा."

मला हसू आलं, पण जरा रागही आला. मी लॅटिन, व्युत्पत्ती असं काहीबाही बोललो. तिनं तांदळाचं ताट उचललं आणि जाता जाता म्हणाली, "आणि तुमचा चांगला कारागीर भेग भरतच नाय म्हणता. भेग न जाणारी माती मला दाखवा एकदा. भेग भरणं ही काय लबाडी हाय? ते काम हाय."

तेवढ्यावर विषय संपला. पुढं पस्तीस वर्षांत तिनं तो स्वतःहून काढला नाही. मी कधी कुणासमोर ती गोष्ट सांगायला लागलो की ती आत चहा ठेवायला जायची. मला वाटायचं, पाहुण्यांसाठी जाते.

माझ्याकडं इंग्रजीचा एक मोठा कोश आहे. दोन खंड, अक्षर इतकं बारीक की सोबत आलेलं भिंग लावून वाचावं लागतं. निवृत्तीनंतर आम्ही पेणला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोत ते खंड हिनं स्वतः मांडीवर घेतले होते. शब्दांच्या मुळांचा मला छंद. हजारो शब्द मी त्यात पाहिले असतील. पण 'सिन्सिअर' कधी पाहिला नव्हता. ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे तो शब्द कोण पाहतो? शिक्षकाच्या बऱ्याचशा चुका याच वाटेनं येतात असं मला आता वाटतं. जे येत नाही ते आम्ही तपासून घेतो, येतं ते तसंच पुढं सरकवतो.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. मग एका दुपारी मी निरोपांना उत्तरं लिहायला बसलो. प्रत्येकाला दोन ओळी लिहाव्यात असं ठरवलं होतं. पाच-सात उत्तरं झाल्यावर तोच शब्द मी स्वतः लिहिला, 'सिन्सिअर थँक्स', आणि काय वाटलं कुणास ठाऊक, उठून दुसरा खंड काढला. भिंग लावलं.

मेणाच्या गोष्टीला तिथं अर्धी ओळ होती. तशी एक जुनी समजूत आहे, तिला आधार दिसत नाही, एवढाच तिचा अर्थ. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ, अखंड. सुरुवातीला तो माणसांच्या मनापेक्षा वस्तूंना लावला जायचा. पाणी न घातलेली दारू सिन्सिअर, भेसळ न केलेली कुठलीही गोष्ट सिन्सिअर. माणसाच्या बोलण्याला आणि भावनेला तो नंतर चिकटला. आणखी मागं गेलं तर दोन तुकडे निघतात, पहिल्याचा अर्थ 'एक' आणि दुसऱ्याचा 'वाढणं'. म्हणजे एकाच वाढीचं, एकातून उगवलेलं. हाही तर्कच, कोशकार ठामपणे सांगत नव्हता. पण मेणाला त्यानं बाहेर काढलं होतं.

मग मी आणखी दोन-तीन पुस्तकं काढली. एकात मूर्तीऐवजी मधाची गोष्ट होती. मेणाचा कण नसलेला मध तो सिन्सिअर. म्हणजे गोष्ट एक नव्हतीच. ज्याच्या गावात मूर्ती त्यानं मूर्तीची सांगितली, ज्याच्या गावात मधमाश्यांची पोळी त्यानं मधाची. हे आधी वाचलं असतं तर तेव्हाच शंका आली असती.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला बरं वाटलं. ती गेल्यापासून घरात नवीन असं काही घडलं नव्हतं. जे होतं ते सगळं आठवणीतलं. आणि आता हे एक नवं कळलं होतं, तेही तिच्याबद्दल. तांदूळ निवडता निवडता, एकही पुस्तक न उघडता, नुसत्या बोटांच्या अनुभवावर तिनं जे सांगितलं होतं, ते कोशात छापलेलं होतं. मी भिंग पुसून ठेवलं आणि चहा केला. कपबशी एकच काढायची हे तोवर हाताला जमू लागलं होतं.

एवढ्यावर ही गोष्ट माझ्यापुरती मिटली असती. पण वैशाखात माझी एक विद्यार्थिनी घरी आली.

ही मुलगी रोह्याची. मुलगी म्हणतो, पण आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. लग्न होऊन ती जोह्यातच गेली आणि सासऱ्यांच्या मागं कारखाना तिनं सांभाळला. माझ्या बायकोच्या भावाचा कारखाना तो गेल्यावर बंद पडला, तेव्हापासून बायको आणि तिची वहिनी या मुलीकडंच कामाला बसायच्या. त्यामुळं ती आमच्या घरची होती. ही गेली तेव्हा तीन दिवस डबा तिच्याकडून आला.

तिनं पिशवीतून एक कागद काढला. "सर, जरा इंग्लिश बघून द्या. गुरुवारी पेणला छापायला टाकायचंय. यंदा शाडूचे गणपती बाहेरदेशी चाललेत, प्रत्येक खोक्यात एक कार्ड घालायचं म्हणते."

कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. वर कारखान्याचं नाव आणि खाली माझी गोष्ट. रोम, संगमरवर, मेण, पाटी, सगळं. शेवटी: 'हे आम्हाला आमच्या सरांनी नववीत शिकवलं. आमच्या मूर्तीही मेणाशिवाय आहेत.'

"चांगलं झालंय का?" तिनं विचारलं.

मी चष्मा पुसला. इंग्रजीत दोन चुका होत्या, त्या दिसल्या. तिसरी तिच्या नव्हे, माझ्या खात्यातली होती. "ठेवून जा," मी म्हणालो. "नीट बघतो. मीच आणून देईन कारखान्यात."

"तुम्ही कशाला येताय उन्हाचं?"

"येतो. त्या निमित्तानं."

ती गेल्यावर मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होतो. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. इंग्रजीतल्या दोन चुका दुरुस्त करून कागद परत द्यायचा, किंवा तिला सांगायचं की तू ज्या गोष्टीवर कारखाना चालवतेस ती खोटी आहे आणि ती मीच तुला दिली. पहिली वाट सोपी होती. गोष्ट सुंदर होती, तिच्यामुळं कुणाचं नुकसान झालं नव्हतं, आणि परदेशातला माणूस खोका उघडून कोश शोधायला थोडाच जाणार? पण सांगितलं नाही, तर बायकोचं म्हणणं खरं ठरलं हे जगात माझ्याखेरीज कुणालाच कळणार नव्हतं. आणि सांगितलं, तर त्या मुलीचा सरांवरचा विश्वास जाणार होता. तो मला हवा होता, हेही कबूल करतो. या वयात आपलं सांगितलेलं कुणी जपून ठेवलं आहे ही फार मोठी गोष्ट वाटते.

बुधवारी सकाळी मी हमरापूर फाट्यापर्यंत एसटीनं गेलो आणि पुढं रिक्षा केली. भाताची शेतं कोरडी पडली होती. जोह्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना पडव्यांतून, ताडपत्र्यांखाली, मूर्तींच्या रांगा. ही गेल्यावर मी पहिल्यांदाच तिकडं जात होतो. पाच-सहा बायका कारखान्यात खाली बसून काम करत होत्या. हिच्या वहिनी भिंतीपाशी होत्या, मांडीवर हातभर उंचीची मूर्ती आणि हातात ब्रश.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. "लय वाळलात. कोण जेवाया घालत नाय वाटतं तिकडं पेणात."

"मीच करतो."

"तेच म्हनतेय मी."

बायका हसल्या. मला बसायला खुर्ची आली. विद्यार्थिनी आतून चहा घेऊन आली आणि तिनं माझ्या खिशाकडं, म्हणजे कागदाकडं पाहिलं. मी वहिनींच्या हातातली मूर्ती बघत राहिलो. खांद्यापासून छातीकडं एक बारीक भेग गेली होती. त्यांनी वाटीतली शाडूचीच दाट लापशी ब्रशच्या टोकानं तीत सोडली, अंगठ्यानं दाबली, ओल्या ब्रशनं सारखी केली. मग मूर्ती उलटी करून बुडाशी पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली.

"ही रेघ कसली?" मी विचारलं.

सगळ्या बायका एकदम विद्यार्थिनीकडं पाहून हसल्या.

"सरांची रेघ," एक जण म्हणाली.

विद्यार्थिनी ओशाळली. "सर, ते आपलं... लग्न होऊन आले तेव्हापासून मी नियम केला. मातीला भेग तर जाणारच. पण जितक्या भेगा भरल्या तितक्या रेघा बुडाला मारायच्या. गिऱ्हाइकाला उलटी करून दाखवायची, सांगायचं, हिला दोन होत्या, इथं नि इथं. घ्यायची तर घ्या. सासरे आधी ओरडले. म्हणाले, असल्यानं धंदा बुडल. पण उलट झालं. लोक रेघा बघूनच घेतात आता." ती थांबली. "तुमच्या गोष्टीवरनंच सुचलं."

आता सांगायलाच हवं होतं. मी कागद काढला आणि तिच्या हातात दिला. "इंग्रजीच्या दोन चुका केल्या आहेत दुरुस्त," मी म्हणालो. "पण गोष्टच चूक आहे. मेणाचं खरं नाही. मी कोशात पाहिलं. मी तुम्हाला एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं."

ती कागदाकडं बघत राहिली. बायकांचे ब्रश थांबले.

"कधी पाहिलंत?"

"पौषात. ही गेल्यावर."

"म्हणजे परवा मी आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

मग मी तिला उरलेलंही सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ही काय म्हणाली होती, रंगाचं, बोटाचं, भामट्याच्या पाटीचं. मी तिचं ऐकलं नव्हतं, तेही.

वहिनींनी मूर्ती खाली ठेवली. "ते तर आमाला समद्यांना ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाव हाय?" विद्यार्थिनी वळली.

"मेनाचं. वन्सं इथंच बसून हसायच्या. म्हनायच्या, आमच्या यांच्या रोमात मेनाचा लय खप हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एक जण म्हणाली, "त्या तर बोलायच्या, हिवाळ्यातच धंदा करत असतील तिकडं."

"मग मला कुणी सांगितलं नाय ते?" विद्यार्थिनीचा आवाज चढला.

"कसं सांगनार गो? तू उठल्या बसल्या सरांचं नाव घेणार. आनि वन्संनी बजावलं व्हतं. म्हनाल्या, पोरीला रेघ मारू दे. रेघ बरोबर हाय. गोष्ट नसू दे बरोबर."

मी खुर्चीवर होतो, पण खाली त्यांच्यात बसल्यासारखा झालो. इतकी वर्षं मी सगळ्या गावाला 'मदतीला गेली आहे' म्हणून सांगत होतो आणि ही इथं बसून माझ्या चुकीची राखणही करत होती आणि तिच्यावर हसतही होती. मला त्याचा राग आला नाही. तिच्या हसण्याचा आवाज इथं इतक्या लोकांच्या कानात आहे, हे ऐकून बरंच वाटलं.

विद्यार्थिनी थोड्या वेळानं म्हणाली, "मग खरं काय आहे सर? तो शब्द."

मी सांगितलं. निर्भेळ, अखंड. आणि तो तर्कही सांगितला, एकाच वाढीचं, एकातून झालेलं. सांगताना वर्गात आवाज लागायचा तसा लागेना. मध्येच म्हटलं, "हेही पक्कं नाही. कोशात शंका आहे."

"एकजीव म्हना की," वहिनी म्हणाल्या आणि ब्रश पुन्हा उचलला. "माती एकजीव झाली तर भेग कमी जाते. मळण्यात कसूर झाली की जास्त. त्याला लॅटिन कशाला पायजे?"

"तरी जातेच ना?" मी विचारलं.

"जाते. वारा लागला, ऊन लागलं. मातीच हाय ती."

विद्यार्थिनीनं पेन मागून घेतलं. कागद मांडीवर ठेवला आणि रोमपासून पाटीपर्यंतच्या सगळ्या ओळींवर एक काट मारली. मला वाटलं, आता कार्डाचा विचार ती सोडून देईल. ती म्हणाली, "पण गिऱ्हाइकाला गोष्ट लागते सर. नुसत्या रेघा बघून बाहेरचा माणूस घाबरल."

"मग काय लिहिणार?"

"झालं तेच." तिनं पेन माझ्यापुढं धरलं. "तुम्ही सांगितलेली गोष्ट चूक निघाली, आणि जोह्याच्या बाईनं ती आधीच ओळखली होती. भेग भरणं ही लबाडी नाही, लपवणं ही लबाडी. आणि खाली, या मूर्तीला एवढ्या भेगा होत्या. तो आकडा आम्ही हातानं घालू. लिहा तुम्ही. चूक तुमची आहे तर अक्षरही तुमचं पायजे."

नववीतही ती अशीच होती आणि मीच तेव्हा पाहिलं नव्हतं की काय, कोण जाणे. तिच्या प्रगतिपुस्तकात मी काय शेरा लिहिला होता तेही आठवेना.

मी लिहायला घेतलं. मराठी आधी. 'आमच्या सरांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. ती खरी नव्हती.' हे वाक्य लिहिताना हात अडला नाही. पुढच्या वाक्यात अडला. 'ती खरी नसल्याचं प्रथम ज्यांनी ओळखलं त्या' एवढं लिहून मी थांबलो. हिचं नाव कार्डावर घालायचं नाही, एवढं माझं ठरलं होतं. तिला ते आवडलं नसतं.

"सरांच्या पत्नी, असं लिहा," विद्यार्थिनी म्हणाली.

ते मला पटेना. सरांच्या पत्नीला मेणावर रंग धरत नाही हे कसं कळणार? मी 'या गावच्या माहेरवाशीण' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

वहिनींचे हात थांबले. "माहेरवाशीन काय भावोजी? माहेरवाशीन येते, चार दीस जेवते नि जाते. ती बारा वर्साची असल्यापास्नं डोळे आखत व्हती. ह्या कारखान्यातून गेल्या साली गेले ते निम्मे गनपती तिच्या हातचे. मानसं घरी नेऊन त्येंच्या नजरेला नजर देतात."

"मग काय लिहू?"

"कारागीर लिवा."

मी 'त्या या गावच्या माहेरवाशीण' एवढं खोडलं. त्याच्यावर बारीक अक्षरात, जागा कमी होती म्हणून, लिहिलं: 'त्या आमच्या कारखान्यातल्या कारागीर होत्या.' मग इंग्रजी बाजू घेतली. विद्यार्थिनी शेजारी उभी राहून एकेक शब्द वाचत होती. छापखान्याला फोन करून तिनं सांगितलं की गुरुवारी जमणार नाही, शुक्रवारी येते, मजकूर बदललाय. मी चहाचा दुसरा कप घेतला आणि जेवायलाही थांबलो, कारण वहिनींनी विचारलंच नाही, सरळ पान वाढलं.